लिंक अप, पण पिंग नाही: स्विचच्या पोर्टचा इंटरफेस मोड दर वेळी नव्याने का बिघडतो

इंटरफेस मोड म्हणजे दोन चिप आपसात कुठल्या पद्धतीने बोलणार ते. तो चुकला की नेटवर्क बंद, आणि हा प्रॉब्लेम मी आत्तापर्यंत तीनदा "कायमचा" सोडवलाय. तिन्ही वेळा तो वेगळा वेष घालून परत आला, म्हणून आता एकदाचं बसून सगळं लिहून काढतोय, निदान चौथ्या वेळी मला स्वतःला तरी शोधायला बरं.

सेटअप अगदी नेहमीचा आहे. लिनक्सवर चालणारा बोर्ड, एक एसओसी (प्रोसेसरवाली मुख्य चिप), तिच्या शेजारी पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, दोघांच्या मधे आरजीएमआयआय (डेटा नेणारा गिगाबिट इंटरफेस), स्विचचं कंट्रोल एमडीआयओवरून (रजिस्टर वाचायची-लिहायची बस) आणि कर्नलमधे डीएसएचा (लिनक्समधली स्विच हाताळणारी यंत्रणा) ड्रायव्हर. एसओसीच्या बाजूचा इंटरफेस ईथ०, स्विचचे बाहेरचे पोर्ट लॅन१ ते लॅन४, आणि पोर्ट ५ हा सीपीयू पोर्ट, म्हणजे ईथ०ला जोडलेला. (जुन्या कोडमधे ईथ०च्या बाजूला मास्टर आणि लॅनच्या पोर्टांना स्लेव्ह म्हणायचे, २०२३ च्या शेवटी ती नावं बदलून कंड्युइट आणि यूजर झाली. जुन्या पोस्ट वाचून कोडमधे ग्रेप मारत (शब्द शोधत) असाल तर काहीच सापडत नाही ते त्यामुळे.)

लक्षण असं की बूट लॉग एकदम स्वच्छ. "कॉन्फिगरिंग फॉर फिक्स्ड/आरजीएमआयआय लिंक मोड", त्याखाली "लिंक इज अप, १ जीबीपीएस, फुल", लॅन१ ला केबल लावली की एलईडी लागतो, आयपी पण चढतो, आणि पिंग मारलं की शांतता. एकही एरर नाही. डीमेसेज (कर्नलचा लॉग) वर-खाली दहादा वाचला तरी तक्रार करण्यासारखी एक ओळ मिळत नाही.

इथेच मी पहिल्या वेळी दोन दिवस घालवले, कारण "लिंक अप" दिसतंय म्हणजे वायरपर्यंत सगळं ठीक आहे, गडबड वर कुठेतरी असणार, व्हीलॅन असेल, ब्रिज असेल, टॅगिंग प्रोटोकॉल असेल, असं धरून बसलो होतो. पण फिक्स्ड-लिंक म्हणजे काय तर डिव्हाइस ट्रीमधे (बोर्डवर काय कसं जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) आपणच लिहिलेलं असतं की स्पीड १०००, फुल डुप्लेक्स. कर्नलने ते वाचलं आणि "अप" छापलं, एवढंच. पलीकडे स्विच जिवंत आहे की नाही, क्लॉक येतोय की नाही, यातलं काहीही कुणी तपासलेलं नसतं. म्हणजे आपलंच वाक्य आपल्यालाच परत वाचून दाखवलं जातं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. सीपीयू पोर्टच्या बाबतीत "लिंक अप" हा पुरावा म्हणून शून्य किमतीचा आहे.

मग पुरावा कुठे मिळतो, तर काउंटरमधे. ईथटूल या कमांडला मोठा एस देऊन ईथ०चे आकडे काढले तर त्यात एसओसीच्या मॅकचे (फ्रेम पाठवणारा-घेणारा भाग) स्वतःचे काउंटर येतातच, शिवाय डीएसए त्याच यादीत स्विचच्या सीपीयू पोर्टचे काउंटर पण घालून देतं, त्यांच्या नावाआधी पी०५_ असं काहीतरी लागलेलं असतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण सीपीयू पोर्टला स्वतःचा इंटरफेस नसतो, त्यामुळे त्याचे आकडे दिसणारच नाहीत असं आपण गृहीत धरतो. दोन्ही टोकांचे आकडे एकाच जागी मिळाले की निम्मं काम झालं. लॅन१ वरून पिंग सोडत राहायचं आणि पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा आकडे काढून फरक बघायचा. पी०५_ वाल्या यादीत आत येणाऱ्या फ्रेमचे एफसीएस किंवा सीआरसी एरर (फ्रेम वाटेत खराब झाल्याची खूण) वाढत असतील तर एसओसीकडून स्विचकडे जाणारी दिशा खराब आहे. एसओसीच्या स्वतःच्या सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर उलटी दिशा. आणि दोन्हीकडे ना चांगल्या फ्रेम वाढतायत ना खराब, तर डिलेबिलेच्या (ते काय ते पुढे सांगतो) मागे लागू नका, मोडच चुकलाय, किंवा क्लॉकच नाहीये, किंवा स्विच रिसेटमधेच अडकलाय.

माझ्याकडे पहिल्या वेळी काय दिसलं, तर टीसीपीडम्प या पॅकेट बघायच्या टूलमधे बाहेरून येणाऱ्या एआरपी रिक्वेस्ट (हा आयपी कोणाचा असं विचारणाऱ्या फ्रेम) व्यवस्थित दिसत होत्या, आपण उत्तर पण देत होतो, पण समोरच्या मशीनवर ते उत्तर कधीच पोचत नव्हतं. पी०५_ च्या यादीत एफसीएस एरर मात्र प्रत्येक उत्तराबरोबर बरोब्बर एकने वाढत होता. म्हणजे येणारी दिशा धडधाकट, जाणारी दिशा मेलेली.

इथे आरजीएमआयआयबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे चालतं. गिगाबिटवर क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक सायकल ८ नॅनोसेकंदांची. डेटा चार वायरींवर, आणि क्लॉकच्या चढत्या आणि उतरत्या दोन्ही कडांवर, म्हणजे प्रत्येक चार बिटांच्या तुकड्याला ४ नॅनोसेकंद मिळतात. पाठवणारा क्लॉक आणि डेटा एकाच वेळी हलवतो, त्यामुळे क्लॉकची कड नेमकी डेटा बदलताना येते, आणि घेणाऱ्याने त्या क्षणी वाचलं तर काय मिळेल याची खात्री नाही. म्हणून क्लॉक साधारण २ नॅनोसेकंद उशिरा पोचवायचा, मग कड डेटाच्या मधोमध पडते. हे २ नॅनोसेकंद कुठून आणायचे, तर तीन जागा आहेत: बोर्डवर क्लॉकची वायर लांब करून, किंवा पाठवणाऱ्या चिपच्या आत, किंवा घेणाऱ्या चिपच्या आत. वायरीने करायचं तर नेहमीच्या पीसीबीवर साधारण ३० सेंटीमीटर जास्तीची वायर लागते, नागमोडी करून बसवावी लागते, त्यामुळे आजकाल ते फारसं कोणी करत नाही. २००२ च्या आरजीएमआयआय २.० मधे चिपच्या आतला डिले अधिकृतपणे आला, आयडी म्हणजे इंटर्नल डिले तो हाच.

आता नियम एकच आहे. प्रत्येक दिशेला २ नॅनोसेकंद एकदाच. शून्य वेळा नाही आणि दोनदाही नाही. दोनदा झालं तर ४ नॅनोसेकंद, म्हणजे कड पुन्हा डेटा बदलायच्या जागेवर, फक्त पुढच्या तुकड्याच्या. यातली खरी डोकेदुखी अशी की शून्य आणि चार, दोन्ही दर वेळी पूर्ण बंद पडतातच असं नाही. काठावर असतात. एखाद्या बोर्डवर चालतं, शेजारच्या बोर्डवर नाही, सकाळी चालतं आणि बोर्ड तापला की नाही. "आमच्याकडे चालतंय की" हे वाक्य ऐकलं की मी आता पहिला संशय इथेच घेतो.

तर पहिल्या वेळची गोष्ट. आमच्या टेबलावरचे सगळे बोर्ड चालत होते आणि बाहेर पाठवलेले एकही चालत नव्हते. सॉफ्टवेअर तेच, बोर्ड तेच, स्विच तोच. एकाने बाहेरून परत आलेला बोर्ड टेबलावर लावला तर तो पण चालायला लागला! मग लक्षात आलं की टेबलावर आम्ही सगळे कर्नल यू-बूट या बूटलोडरमधून टीएफटीपीने (म्हणजे नेटवर्कवरून) उतरवतो आणि बाहेरचे बोर्ड ईएमएमसीवरून (बोर्डवरच्या फ्लॅशवरून) बूट होतात. यू-बूटने नेटवर्क वापरलं की त्याचा ड्रायव्हर एसओसीच्या एका रजिस्टरमधे ट्रान्समिट डिलेचा बिट चढवायचा. कर्नलचा ड्रायव्हर त्या रजिस्टरला हातच लावत नव्हता. टीएफटीपी केलं तर बिट चढलेला राहायचा आणि लिनक्समधे सगळं गोड, टीएफटीपी नाही केलं तर बिट शून्य आणि जाणारी दिशा मेलेली.

मी काय केलं, तर डिव्हाइस ट्रीमधे स्विचच्या सीपीयू पोर्टचा फाय-मोड (इंटरफेस मोड लिहायची प्रॉपर्टी) आरजीएमआयआय-टीएक्सआयडी (फक्त पाठवतो त्या दिशेचा डिले) होता तो आरजीएमआयआय-आयडी (दोन्ही दिशांचा) केला, म्हणजे आता स्विच आपल्याकडे येणाऱ्या क्लॉकला पण डिले लावेल. बाहेरचे बोर्ड चालू झाले. लगेच दुसऱ्या दिवशी टेबलावरचे सगळे बंद पडले. कारण उघड आहे, टीएफटीपीने एसओसीचा डिले चढवला आणि स्विचनेही लावला, झाले ४. आगीतून फुफाट्यात.

खरी दुरुस्ती ड्रायव्हरमधे होती, आणि या सगळ्या पोस्टमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं हेच आहे: ड्रायव्हरने "डिले हवा" असेल तेव्हा बिट चढवायचा एवढं पुरत नाही, "डिले नको" असेल तेव्हा तो बिट मुद्दाम उतरवायला पण हवा. मी बघितलेल्या निम्म्या ड्रायव्हरांमधे कोड असा असतो की आरजीएमआयआय-आयडी असेल तर हे लिही, नसेल तर काहीच करू नको. "काहीच करू नको" याचा अर्थ शून्य असा नसतो, त्याचा अर्थ "आधी जे कोणी आलं होतं त्याने जे ठेवलं ते" असा असतो, मग तो बूटलोडर असेल, स्ट्रॅप पिना (चालू होताना चिप ज्यांवरून सेटिंग वाचते) असतील, किंवा वॉर्म रिबूटच्या आधीचा कर्नल असेल. चारही प्रकार, म्हणजे साधा, आयडी, आरएक्सआयडी (फक्त घेतो त्या दिशेचा), टीएक्सआयडी, प्रत्येकासाठी दोन्ही बिटांची किंमत स्पष्ट लिहायची. मास्क करून लिहायचं. चार ओळी जास्त लागतात, पण वॉर्म आणि कोल्ड बूटमधला फरक तिथेच मरतो. आणि शक्य असेल तर स्विचच्या रिसेट पिनेचं जीपीआयओ डिव्हाइस ट्रीमधे द्या, म्हणजे ड्रायव्हर प्रोबच्या वेळी (सुरू होताना) स्विच रिसेट करेल आणि बूटलोडरचं खरकटं धुतलं जाईल. स्विचच्या बाजूचंच हं, एसओसीच्या रजिस्टरचं नाही, माझा बिट एसओसीतच होता त्यामुळे रिसेटने माझं काही भलं झालं नसतं.

एसओसीच्या ड्रायव्हरला पॅच लावला, एसओसीकडे आरजीएमआयआय म्हणजे डिले नाही, स्विचकडे आरजीएमआयआय-आयडी म्हणजे दोन्ही दिशांचा डिले स्विच लावेल. टेबल, बाहेर, सगळीकडे चाललं. संपलं असं वाटलं.

काही महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न. एका सहकाऱ्याने डिव्हाइस ट्री साफसूफ करताना बघितलं की एकाच वायरीच्या दोन टोकांना वेगवेगळे फाय-मोड लिहिलेत, एकीकडे आरजीएमआयआय आणि दुसरीकडे आरजीएमआयआय-आयडी. त्याला ती चूक वाटली. मला त्याच्यावर राग नाही, कारण बाकी बहुतेक मोडमधे दोन्ही टोकं सारखीच असायला लागतात, एसजीएमआयआयच्या (हा दुसरा एक इंटरफेस) समोर एसजीएमआयआयच हवं, आणि आरजीएमआयआय-आयडी हे नाव ऐकून तो एक वेगळाच प्रोटोकॉल असल्यासारखं वाटतं. पण तो वेगळा प्रोटोकॉल नाही, वायरीवर जाणारा सिग्नल तोच, फक्त डिले कोणी लावायचा याची वाटणी आहे. त्याने दोन्हीकडे आयडी केलं, पिंग मारलं, पिंग चाललं, मर्ज झालं. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) कोणी चालवलं नाही. चालवलं असतं तर दिसलं असतं की रीट्रान्समिटचा पूर आलाय.

या वेळी मला एक सोपी परीक्षा सापडली, ती सांगतो. दोन्ही टोकांच्या फिक्स्ड-लिंकमधे स्पीड १००० चा १०० करून बघा. १०० वर क्लॉक २५ मेगाहर्ट्झ होतो, सायकल ४० नॅनोसेकंदांची, तिथे ४ नॅनोसेकंदांच्या चुकीला कोणी विचारत नाही. १०० वर एफसीएस एरर एकदम थांबले आणि १००० वर परत सुरू झाले तर संशय डिलेवर ठेवा, बहुतेक दोनदा लागलाय. १०० वर पण तीच रड असेल तर दुसरीकडे बघा. दोन्ही टोकांचा स्पीड बदलायला विसरू नका नाहीतर परीक्षेचा काही अर्थ नाही.

मॅक ते मॅक जोडणीत, म्हणजे मधे फाय चिप (केबलवरचे सिग्नल सांभाळणारी) नसताना, फाय-मोडच्या शब्दांवर वाद घालत बसण्यापेक्षा आरएक्स-इंटर्नल-डिले-पीएस आणि टीएक्स-इंटर्नल-डिले-पीएस या दोन प्रॉपर्टी वापरा, ड्रायव्हर वाचत असेल तर. तिथे सरळ पिकोसेकंदांत लिहायचं, २००० किंवा ०. वाचणाऱ्याला आकडा दिसतो, "सारखं करून टाकू" असा मोह होत नाही. प्रत्येक चिपला प्रत्येक आकडा जमतो असं नाही. रिअलटेकच्या आरटीएल८३६५एमबी कुटुंबात टीएक्सला फक्त ० किंवा २ नॅनोसेकंद, आरएक्सला साधारण ०.३ च्या पायऱ्यांनी २.१ पर्यंत. एनएक्सपीच्या एसजेए११०५ च्या पहिल्या पिढीत, म्हणजे ई आणि टी मधे, आतला डिले नाहीच, तिथे समोरच्याने लावायचा किंवा वायरीने. म्हणून आधी डेटाशीट, मग डिव्हाइस ट्री.

आणि जिथे खरा फाय आहे तिथे फाय-मोड हा बोर्डचं वर्णन करतो असं समजा. आरजीएमआयआय म्हणजे बोर्डवरच लांब वायरीने डिले केलाय, आरजीएमआयआय-आयडी म्हणजे बोर्डवर काही नाही, चिपांनी बघून घ्यावं, आणि लिनक्समधे सहसा ते फायने बघून घ्यायचं असतं. मॅकच्या ड्रायव्हरने स्वतःच डिले लावला तर त्याने फायला पुढे साधा आरजीएमआयआय सांगायला हवा, नाहीतर परत ४. अजून एक, फाय-मोड ही प्रॉपर्टी पोर्टच्या नोडमधे लिहायची असते, फायच्या नोडमधे नाही. फायच्या नोडमधे लिहिली तर कोणी तक्रार करत नाही, फक्त कोणी वाचत नाही.

दुसरा सगळा वर्ग म्हणजे जिथे ड्रायव्हर उघड नाही म्हणतो, लॉगमधे उणे २२ (चुकीची किंमत दिली, असा एरर) दिसतो. हा मला आवडतो, कारण निदान बोलतो तरी. फायलिंकमधे (मॅक आणि फाय यांची लिंक सांभाळणारा भाग, २०१७ पासून कर्नलमधे आहे) प्रत्येक पोर्टने आपल्याला कुठले इंटरफेस मोड जमतात त्याचा बिटमॅप (दर मोडला एक बिट अशी यादी) भरून द्यायचा असतो, डीएसएमधे ते फायलिंक-गेट-कॅप्स या कॉलबॅकमधे होतं. सपोर्टेड-इंटरफेसेस नावाचा बिटमॅप आणि मॅक-कॅपॅबिलिटीज नावाचा स्पीडांचा मास्क. डिव्हाइस ट्रीतला मोड त्या बिटमॅपमधे नसेल तर व्हॅलिडेशन फेल, उणे २२, पोर्ट उभाच राहत नाही. बिटमॅप रिकामाच राहिला तर "एम्प्टी सपोर्टेड इंटरफेसेस" असा स्पष्ट एरर येतो.

यात वारंवार दिसणाऱ्या चुका दोन-तीनच आहेत. एक, स्विच-केसमधे फक्त साधा आरजीएमआयआय लिहिलेला असतो आणि आयडीवाले तिघं डिफॉल्टमधे जाऊन "अनसपोर्टेड" होतात. चौघांना एकदम धरणारा हेल्पर आहे, फाय-इंटरफेस-मोड-इज-आरजीएमआयआय, तो वापरा, आणि बिटमॅपमधे चौघं एकदम घालायला फाय-इंटरफेस-सेट-आरजीएमआयआय आहे. दोन, आतले फाय असलेले यूजर पोर्ट. ड्रायव्हर लिहिणारा इमानदारीत फक्त इंटर्नल हा मोड बिटमॅपमधे टाकतो, पण जुन्या डिव्हाइस ट्रीमधे त्या पोर्टांना फाय-मोड लिहिलेलाच नसतो, आणि काही नसलं की फायलिब (फायचे ड्रायव्हर सांभाळणारा कर्नलचा भाग) आपला जीएमआयआय हा मोड धरतं. मग लॅन१ ते लॅन४ सगळे उणे २२, आणि गंमत म्हणजे सीपीयू पोर्ट मात्र ठणठणीत. उपाय एवढाच की आतल्या फायवाल्या पोर्टांना इंटर्नल आणि जीएमआयआय दोन्ही बिट द्या, मेनलाइन कर्नलमधले कितीतरी ड्रायव्हर तेच करतात आणि वर कॉमेंट पण लिहितात. तीन, २५००बेस-एक्स (२.५ गिगाबिटचा) मोड बिटमॅपमधे टाकला पण मॅक-कॅपॅबिलिटीजमधे २५०० चा बिट टाकायला विसरले, मग मोड जमतो पण त्यात एकही स्पीड उरत नाही, परत उणे २२.

सीपीयू पोर्टला फाय-मोड किंवा फिक्स्ड-लिंक काहीच लिहिलं नसेल तर कर्नल आता स्पष्ट कुरकुरतो की या पोर्टच्या नोडमधे अमुक प्रॉपर्टी नाही. थोड्या जुन्या ड्रायव्हरांना सूट दिलीय, त्यांच्यासाठी "स्किपिंग फायलिंक रजिस्ट्रेशन" छापून पुढे जातो. ती ओळ दिसली तर समजा की त्या पोर्टसाठी तुमचा मॅक-कॉन्फिग आणि मॅक-लिंक-अप (फायलिंक बोलावतं ती ड्रायव्हरची फंक्शन) कधीच बोलावला जाणार नाही. मी एकदा त्या फंक्शनमधे प्रिंट टाकून अर्धा दिवस वाट बघत बसलो होतो.

आता तिसरी वेळ, ये रे माझ्या मागल्या. नवीन बोर्डवर एका पोर्टला बाहेरचा २.५ गिगाबिटचा फाय आला, सर्डेसवरून (वेगवान सिरियल जोडणी). समोर २.५ चं यंत्र असलं की मस्त, समोर १ गिगाबिटचं लावलं की मेला. इंटरफेस डाउन-अप करून उपयोग नाही. पण १ गिगाबिटची केबल लावून रिबूट केलं की चालायचं, आणि मग २.५ मेलं.

कारण असं की हा फाय समोरच्याशी २.५ ठरलं की आपल्या बाजूला २५००बेस-एक्स बोलतो, १ किंवा खाली ठरलं की एसजीएमआयआय बोलतो. वायरीवर हे दोन वेगळे प्राणी आहेत, एसजीएमआयआय १.२५ गिगाबॉड, २५००बेस-एक्स ३.१२५ गिगाबॉड. त्यामुळे फायने मोड बदलला की स्विचच्या सर्डेसने पण त्याच क्षणी बदलायला हवं. आमचा ड्रायव्हर सर्डेस फक्त सेटअपच्या वेळी एकदाच बसवायचा, त्या क्षणी जी केबल असेल तिच्याप्रमाणे. नंतर फायलिंक बिचारं मॅक-कॉन्फिगमधे नवीन मोड घेऊन येत होतं आणि ड्रायव्हर तो पॅरामीटर बघतच नव्हता. सर्डेसचा कोड सेटअपमधून उचलून पीसीएसच्या (सर्डेसवरचं कोडिंग सांभाळणारा भाग) कॉन्फिग फंक्शनमधे नेला, बिटमॅपमधे दोन्ही मोड ठेवले, संपलं. (काही फाय आपल्या बाजूला कायम २५००बेस-एक्सच ठेवतात आणि स्पीडचा फरक पॉज फ्रेमने सांभाळतात, तसा असेल तर ही कटकटच नाही. डेटाशीटमधे रेट मॅचिंग शोधा. आणि डेटाशीटमधे एचएसजीएमआयआय किंवा एसजीएमआयआय प्लस असं लिहिलं असेल तर लिनक्सच्या भाषेत ते बहुतेक २५००बेस-एक्सच असतं.)

मॅक-कॉन्फिगबद्दल एक गोष्ट, जुन्या ड्रायव्हरमधून कॉपी करणाऱ्यांसाठी खास. तिथे फक्त मोड बदलायचा. स्पीड आणि डुप्लेक्स मॅक-लिंक-अपमधे मिळतात, तिथेच लिहायचे. मॅक-कॉन्फिगमधे स्टेटमधला स्पीड वाचणारा कोड दिसला तर तो जुन्या काळचा आहे, तिथला स्पीड भरवशाचा नाही. आणि काही स्विचमधे लिंक चालू असताना पोर्टचं मॅक कंट्रोल रजिस्टर बदलायचंच नसतं, मार्व्हेलच्या एमव्ही८८ई६एक्सएक्सएक्स ड्रायव्हरमधे तशी सरळ कॉमेंटच आहे, म्हणून आधी लिंक फोर्स डाउन, मग बदल, मग सोडणं.

एसजीएमआयआय आणि १०००बेस-एक्स यांची गल्लत पण इथेच उरकतो. दोन्हींचा वेग एकच, १.२५ गिगाबॉड, कोडिंग तेच, त्यामुळे स्कोपवर दोन्ही सारखे दिसतात आणि लोक म्हणतात सिग्नल तर आहे. फरक इन-बँड शब्दात (डेटाच्याच वायरीवरून जाणारी लिंकची माहिती). १०००बेस-एक्समधे दोन्ही टोकं बरोबरीने डुप्लेक्स आणि पॉज ठरवतात, एसजीएमआयआयमधे फाय मॅकला सांगतो की बाबा स्पीड एवढा ठरलाय आणि मॅक फक्त बरं म्हणतो. एक टोक इन-बँडची वाट बघतंय आणि दुसरं पाठवतच नाहीये, तर सिंक दिसतं पण लिंक कधीच येत नाही. डिव्हाइस ट्रीतल्या मॅनेज्ड या प्रॉपर्टीत इन-बँड-स्टेटस लिहायचं की नाही हे दोन्ही टोकांना विचारून ठरवा. समोर दुसरा स्विच किंवा एसओसीच असेल तर बहुतेक वेळा दोन्हीकडे इन-बँड बंद आणि फिक्स्ड-लिंक, हेच शांतपणे चालतं.

एमआयआय आणि आरएमआयआय या १०० मेगाबिटच्या इंटरफेसवाल्यांसाठी एवढंच की मॅक ते मॅक जोडताना एका टोकाला फायचं सोंग घ्यावं लागतं, रेव्ह-एमआयआय किंवा रेव्ह-आरएमआयआय. आरएमआयआयमधे ५० मेगाहर्ट्झचा क्लॉक कोण देतोय ते आधी बघा, दोघंही देत असतील किंवा दोघंही वाट बघत असतील तर बाकी काही तपासू नका.

आता मी नवीन बोर्ड हातात आला की कुठल्या क्रमाने जातो ते. सगळ्यात आधी चालू बोर्डवर प्रोक या फोल्डरमधला डिव्हाइस-ट्री उघडून त्या पोर्टचा फाय-मोड कॅट करतो (वाचतो). हसू नका, दोनदा असं झालंय की आम्ही एक डीटीबी (कंपाइल केलेली डिव्हाइस ट्री) बदलत होतो आणि बूटलोडर दुसरीच उचलत होता. मग डायनॅमिक डिबगमधे फायलिंकची फाइल चालू करून इंटरफेस डाउन-अप करतो, म्हणजे ड्रायव्हरला खरंच कुठला मोड मिळाला, फिक्स्ड की फाय की इन-बँड, ते छापून येतं. मग स्विचचं त्या पोर्टचं मोडचं रजिस्टर एमडीआयओवरून वाचतो, कारण ड्रायव्हरला काय वाटतं आणि चिपमधे काय बसलंय यात स्ट्रॅप पिना मधे येऊ शकतात, काही पोर्टांचा मोड स्ट्रॅपनेच ठरतो आणि सॉफ्टवेअरने लिहिलेलं चिप गुपचूप गिळून टाकते, एरर देत नाही. मग दोन्ही टोकांचे काउंटर. मग १०० ची परीक्षा. मग आयपर्फ, दोन्ही दिशांना, अर्धा तास, बोर्ड तापेपर्यंत. नुसत्या पिंगवर मी आता मर्ज करू देत नाही.

आणि कोल्ड बूट, वॉर्म रिबूट, टीएफटीपीसह, टीएफटीपीशिवाय, चारही करून बघतो. दहा मिनिटांचं काम आहे.

डिव्हाइस ट्रीमधे सीपीयू पोर्टच्या नोडवर आता दोन ओळींची कॉमेंट असते: दोन्ही दिशांचा डिले स्विच लावतो, एसओसी लावत नाही, टोकं मुद्दाम वेगळी आहेत, सारखी करू नका. सहकाऱ्याने परवा त्याखाली तिसरी ओळ घातली, "करून बघितलंय."